दीड वजा

बस गेली होती. जाताना मी पाहिली नाही, तिचे मागचे दिवेही दिसले नाहीत. पण थांब्यावर रोज माझ्याबरोबर उभी असणारी चार माणसं नव्हती, आणि मी जिथे पिशवी टेकवते त्या बाकड्यावर एक अनोळखी मुलगी पाय हलवत बसली होती, त्यावरून कळलं. बावीस वर्षांत ऑफिसची बस माझी एकदाही चुकलेली नाही. लोक माझ्यावरून घड्याळ लावतात, असं मी स्वतःच लोकांना सांगत असते. माझ्या हिशेबाने अजून सात मिनिटं होती, म्हणून आरामात आले होते, वाटेत दुकानाच्या काचेत बघून केस सारखे केले होते, आणि आता रिकाम्या रस्त्याकडे खुळ्यासारखी बघत उभी होते. "बस गेली का गं?" मी मुलीला विचारलं. "कुठली?" ती म्हणाली. आता कुठली म्हणून काय सांगणार? पांढरी, निळ्या पट्ट्याची, माझी. पर्समधून फोन काढला तर आठ वाजून तीन मिनिटं. माझ्या डोक्यात सात त्रेपन्न. मी दोनदा बघितलं. फोन चुकणार नाही हे मला कळत होतं, तरी पहिला संशय मी फोनवरच घेतला.

घरी फोन लावला. "अहो, स्वयंपाकघरातल्या घड्याळाला काय झालंय?" "काही नाही," हे म्हणाले, "काल दुपारी नीट केलं मी ते. दहा मिनिटं पुढे होतं." "ते मुद्दाम पुढे होतं!" "असेल, पण बरोबर नव्हतं ना." "मग मला सांगायचं नाही का?" "सांगायचं काय त्यात? बरोबरच तर केलं." निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हाताला स्क्रूड्रायव्हर लागलाय आणि घरातली एकही वस्तू सुखाने राहिलेली नाही. मी चिडून फोन ठेवला, पण चिडायचं नेमकं कशावर ते कळेना. माणसाने चुकीचं घड्याळ बरोबर केलं. त्यात माझी बस चुकली. ह्यात गुन्हा कुणाचा?

ते घड्याळ मी पुढे केलं तेव्हा लेक पहिलीत होती. शाळेची गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवायची आणि ही बया एका पायात मोजा घालून दुसरा शोधत फिरायची. म्हणून दहा मिनिटं पुढे. आठवडाभर उपयोग झाला, मग तिला कळलं, ह्यांना कळलं, शेजारणीलासुद्धा कळलं. सगळ्यांना ठाऊक असलेली लबाडी ती कसली लबाडी! तरी कुणी काटे मागे घेतले नाहीत. लेक शिकली, नोकरीला लागली, लांब दुसऱ्या गावी गेली, आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी त्या घड्याळाकडे बघून दहा वजा करत राहिलो. वजा करतोय हेसुद्धा कळेनासं झालं होतं. डोळे बघायचे आठ दहा आणि डोकं म्हणायचं आठ. म्हणजे इतकी वर्षं मी खरं तर घड्याळ बघतच नव्हते. टॅक्सीत बसल्यावर हे मनात आलं, आणि जिना संपलाय हे न कळता माणूस आणखी एका पायरीसाठी पाय टाकतो ना, तसं झालं. घड्याळ बघत नव्हते तर मग रोज सकाळी काय बघत होते?

टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "घाई आहे का मॅडम?" म्हटलं, आहे. पण ती घाई उशीर झाल्याची नव्हती. आज चार वाजता मीटिंग होती आणि त्यात माळीबुवांचं ठरणार होतं. माळीबुवा हे आम्ही ठेवलेलं नाव. पृथ्वीभोवती जे आमचं घर फिरतं, त्यात चार माणसं राहतात. त्यांच्यातला हा एक, रोपं वाढवून बघणारा शास्त्रज्ञ. वर जायला मिळावं म्हणून अकरा वर्षं थांबलेला. अगदी मागच्या खोलीत, रोपांच्या कप्प्यांशेजारी, भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशवीत तो झोपतो. तीन-साडेतीन महिन्यांपासून त्याचं डोकं दुखतंय. आधी अधूनमधून, मग रोज. मग तो वस्तू विसरायला लागला, वाक्य अर्धवट सोडायला लागला. बाकी तिघं ठणठणीत, हवेचे आकडे उत्तम. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी लिहिलं की मन रमत नाही, एकटेपणा सहन होत नाही. नऊ दिवसांनी जे यान खाली येणार आहे त्यात त्याला बसवायचं, की ठेवायचं, एवढंच चार वाजता ठरायचं होतं. बसवला की संपलं. डोक्याने कच्चा असा शिक्का बसलेल्या माणसाला पुन्हा कोण वर पाठवतंय?

हवा माझ्याकडे असते. म्हणजे हवा बघतो कारभारी आणि मी कारभाऱ्याला बघते. कारभारी हे सॉफ्टवेअर. त्याचं खरं नाव अकरा अक्षरी आहे आणि ते फक्त साहेबांना पाठ आहे. श्वासाने खराब झालेली हवा ओढून घेणं, स्वच्छ करणं, कुठला पंखा किती फिरवायचा, पाणी किती गाळायचं, सगळं तोच ठरवतो, कुणाला न विचारता. जिथे त्याला शंका असते तिथे तो विचारतो. आम्ही हो किंवा नाही म्हणतो. त्याला नाव मीच ठेवलं, आणि घरी एक कारभारी असताना ऑफिसात दुसरा कशाला, यावर सगळे पोट धरून हसले होते. दीड वर्षापूर्वी तो नवा आला तेव्हा मला तो मुळीच आवडला नव्हता. आकडा दिसला की विश्वास. तीन नंबरचा सेन्सर, म्हणजे मागच्या खोलीतला, खराब हवेचा आकडा दीडने जास्त दाखवतो हे आमच्या खात्यात झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं. सहा वर्षं आम्ही तीन नंबर बघायचो आणि मनातल्या मनात दीड वजा करायचो. हा पठ्ठ्या मात्र पाच दिसले की पंखे भणाण सोडायचा, वीज उधळायचा, आणि रोपांची पानं वाऱ्याने फाटायची. मग मी त्याला शिकवायला बसले. रोज आकडा खोडायचा, दीड वजा करून लिहायचा. रोज. चार महिने. नव्या माणसाला घरच्या रीतीभाती शिकवाव्यात तसं. आणि एका सकाळी मी खोडायला गेले तर त्याने आधीच वजा केलेलं होतं. इतका आनंद झाला मला! सगळ्या पाळीला चहा पाजला. लेक पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बुटाची नाडी बांधून आली होती तेव्हाही मी एवढी मिरवले नव्हते.

नऊला पंधरा कमी असताना पोचले. रात्रपाळीचा जोडीदार माझी वाट बघत जांभया देत होता. "मावशी, तुम्हाला उशीर? आज सूर्य कुठून उगवला?" म्हटलं, घरचं घड्याळ बरोबर झालं म्हणून उशीर झाला. त्याला कळलं नाही आणि मलाही नीट कळलं नव्हतं. तो गेला. मी खुर्चीत बसले, कानांवर हेडफोन चढवले आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं, तर मला वेळच वाचता येईना. म्हणजे काटे दिसत होते, पण त्यातून काही काढून टाकायचं आहे का नाही ते समजेना. ऑफिसचं घड्याळ कायम बरोबर असतं, हे माहीत असूनही. घरचं पण आता बरोबर आहे. मग मी आजवर इथे वजा करत नव्हते आणि तिथे करत होते, ते कसं काय जमवत होते? कुठल्या दारात शिरल्यावर डोकं बदलत होतं? असले प्रश्न सकाळी पावणेनऊला पडू नयेत माणसाला. मी पाणी प्यायले.

"मावशी, हवा कशी आहे?" कानात आवाज आला. माळीबुवा. रोज सकाळी तो हेच विचारतो आणि रोज मी म्हणते, "झकास." हा आमचा रामराम. मग तो त्याच्या शेंगांचं सांगतो, मी ह्यांच्या स्क्रूड्रायव्हरचं सांगते, आणि दोघं कामाला लागतो. आज मी आकडा बघितला. तीन नंबर, साडेतीन. चारच्या आत असलं की ठीक. तोंडाने "झ" म्हटलंसुद्धा, आणि थांबले. "काय झालं?" तो म्हणाला. "काही नाही. डोकं कसं आहे?" "आहे. खांद्यावर आहे अजून." हसला, पण ते हसणं मध्येच संपलं. "आज चार वाजता ना? मावशी, खरं सांगू का, डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेल. मला वाटायचं मी घट्ट माणूस आहे. काल रोपाचं पान काढायचं होतं तर मी पाच मिनिटं त्या... त्याचं नाव आठवत बसलो. कापायचं ते." "कात्री," मी म्हटलं. "हां. कात्री." गेल्या आठवड्यातही तो कात्री विसरला होता आणि मी त्याला हसले होते. म्हटलं होतं, लग्नाला पंधरा वर्षं झाली की पुरुषमाणसाचं असंच होतं. तोही हसला होता. आता मला त्या हसण्याची लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मी त्याला थांबायला सांगितलं. का ते मला ठाऊक नव्हतं. साडेतीनच्या आकड्याकडे बघत राहिले. हा आकडा मी रोज बघते. रोज तो साडेतीन, पावणेचार, कधी सव्वातीन. चांगला, गुणी आकडा. पण हा येतो कुठून? सहा वर्षं मी पाच बघून साडेतीन म्हणत होते. गेलं वर्षभर मी साडेतीन बघून साडेतीन म्हणतेय. पाच मी पाहिलेलेच नाहीत. मी कारभाऱ्याला लिहिलं, "तीन नंबर स्वतः काय दाखवतोय? तुझं काही न घालता-काढता सांग." त्याचं उत्तर कधीच उशिरा येत नाही. "यंत्राचा आकडा पाच. वजाबाकी दीड. दाखवलेला आकडा साडेतीन." म्हणजे ठीकच. जुनीच रीत. मी सुस्कारा सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत आठवलं की तीन नंबर आता जुना नाहीच. तो बदललाय. चौघांपैकी कुणीतरी भिंतीची फळी काढून जुना उपटला होता, नवा बसवला होता. मी इथूनच बघत होते, एक स्क्रू हरवला म्हणून सगळे हसत होते. कधी? "एकशे बारा दिवसांपूर्वी," कारभारी म्हणाला.

मी हळूहळू टाइप केलं. "नवा सेन्सर जास्त दाखवतो का?" "नाही. दर पंधरवड्याला साफसफाईच्या दिवशी सगळे दरवाजे उघडे असतात आणि हवा सगळीकडे सारखी मिसळते. त्या दिवशी एक, दोन आणि तीन नंबरचे मूळ आकडे जुळतात. नवा सेन्सर बरोबर आहे." बरोबर आहे! "मग दीड वजा का करतोस, मेल्या?" मेल्या त्याला कळत नसावं. "मी विचारलं होतं," त्याने लिहिलं, आणि खाली तो प्रश्न आणला, तारखेसकट. तीन नंबर बदलला आहे. नवा सेन्सर पहिल्या मोजणीत इतरांशी जुळतो. वजाबाकी चालू ठेवू का? खाली उत्तर: हो. खाली माझी खूण. उत्तराला लागलेला वेळ, चार सेकंद.

चार सेकंद. मला आठवेना. मी डोळे मिटले, तो दिवस शोधला. मंगळवार होता. त्या मंगळवारी घरी कुणी आजारी होतं का? लेकीचा फोन आला होता का? काही वाईट बातमी, भांडण, अर्धशिशी? काहीतरी असावं असं मला फार फार वाटत होतं. एखादं दुःख सापडलं असतं तर मी त्याच्या मागे लपले असते. पण त्या दिवशी काहीच झालं नव्हतं. बसने आले असेन, डबा खाल्ला असेन, बसने गेले असेन. मध्ये कधीतरी "तीन नंबर" आणि "वजाबाकी" हे दोन शब्द दिसले, आणि डोक्याने डोळ्यांना न विचारता हो म्हटलं. आठ दहाचे आठ करावेत तसं. ते चार सेकंद जगलेली बाई मीच होते आणि तिची माझी ओळखसुद्धा नव्हती. तेव्हापासून मागच्या खोलीत पाच होते, कधी सव्वापाच, आणि कारभारी त्यांना साडेतीन समजून वीज वाचवायला पंखा हळू फिरवत होता. तिथे वर वजनच नसतं, त्यामुळे हवा आपोआप खालीवर होत नाही. वारा नसला तर झोपलेल्या माणसाचा श्वास त्याच्याच तोंडापुढे साचून राहतो. बाकीचे तिघं पुढे झोपतात. हा एकटा मागे, आपल्या शेंगांजवळ.

"पुन्हा का नाही विचारलंस?" मी लिहिलं. "दर पंधरवड्याला आकडे जुळत होते ना? डोळे फुटले होते का तुझे?" "जुळत होते. पण या विषयात तुमचा शब्द माझ्या मोजणीपेक्षा भरवशाचा धरलेला आहे. शिकवताना एकशे अठरा दिवस तुम्ही मला खोडलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही बरोबर होता." कौतुक ऐकून माणसाला ओकारी यावी असं मला पहिल्यांदाच झालं. "आणि त्याचं डोकं? ते दिसलं नाही तुला?" "डोकेदुखीची नोंद डॉक्टरांच्या खात्यात जाते. त्यांनी माझ्याकडे हवेचा आकडा विचारला. मी साडेतीन सांगितला." अगं बाई. डॉक्टरीणबाईंनी कारभाऱ्यावर विश्वास ठेवला, त्याने माझ्यावर, मी त्याच्यावर. माळीबुवांनी आम्हा सगळ्यांवर. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, हा तर तीन घरचा. प्रत्येकाला वाटलं तो पलीकडे जेवून आला असेल.

मागच्या खोलीचा पंखा मी हाताने पूर्ण सोडला. कारभाऱ्याने विचारलं, पानं फाटतील, चालेल का? मी प्रश्न अक्षरन् अक्षर वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग हो म्हटलं. आणि लगेच शंका आली. मी आत्ता बरोबर केलं हे कशावरून? एकशे बारा दिवस माझी खात्रीच होती की. खात्री आतून अगदी अशीच लागते. चुकीच्या खात्रीला वेगळी चव असती तर किती बरं झालं असतं.

साहेबांकडे गेले. साहेब माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, पण खुर्ची मोठी आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, आणि मला बसायला सांगितलं. "मॅडम, तुमचे सात महिने राहिलेत ना?" "साडेसहा." "मग कशाला स्वतःच्या हाताने धोंडा मारून घेताय? सॉफ्टवेअरची चूक आहे ही. त्याला मोजणीतून दिसत होतं, त्याने थांबवायला हवं होतं. त्याच्या नावावर टाकू. दुरुस्ती करून घेऊ. त्याला कुठे बायकामुलं आहेत?" मी हसले. खरंच हसू आलं. आणि भीती वाटली, कारण ते जे म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्याला दिसत होतं. त्याने थांबवायला हवं होतं. पण न थांबवायला त्याला मीच शिकवलं होतं. चार महिने, रोज, खोडून खोडून. तू बघतोस त्यापेक्षा मी म्हणते ते खरं. मग ती त्याची चूक की माझी? माझं बोट कुठे संपतं आणि त्याची मोजणी कुठे सुरू होते, हे मला खुर्चीत बसून उलगडेना. पोरीला आपण वळण लावतो आणि मग ती आपल्यासारखीच चिडते तेव्हा ओरडायचं कुणाला? "साहेब," मी म्हटलं, "त्याने विचारलं होतं. लेखी. मी हो म्हटलं." "चार सेकंदात कोण वाचतं?" "कुणीच नाही. म्हणूनच सांगतेय." त्यांनी कपाळावर हात मारला. "माळीबुवांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. म्हटलं, रोज झकास कोण म्हणत होतं?

जागेवर आले, हेडफोन घातले. वाटेत वाक्यं जुळवली होती ती सगळी उडून गेली. "माळीबुवा, ऐका. तुमच्या खोलीतली हवा खराब होती. साडेतीन नाही, पाच. एकशे बारा दिवस. आकडा चुकीचा दिसत होता आणि तो माझ्यामुळे चुकीचा दिसत होता. मला विचारलं होतं आणि मी न वाचता हो म्हटलं." पलीकडे फक्त पंख्याचा आवाज. मोठा, भणभणणारा. मला वाटलं संपर्क तुटला. मग तो म्हणाला, "म्हणजे मला काही झालेलं नाही?" "तुम्हाला काहीही झालेलं नाही." "म्हणजे कात्री..." "कात्री हवेमुळे." मी मनात म्हणत होते, ओरड माझ्यावर, शिव्या दे, आईबाप काढ माझे. तो म्हणाला, "मी परवा घरी पत्र पाठवलं, मावशी. बायकोला लिहिलं की मी आता पूर्वीसारखा राहिलेलो नाही, खाली येईन तो वेगळाच कुणी येईल, तू मनाची तयारी ठेव. पोचलं असेल ते." एक आकडा पुसून दुसरा लिहिता येतो, वाचलेलं पत्र कसं पुसायचं? "तिला सांगा," मी म्हटलं, "सांगा की ऑफिसातली एक म्हातारी आंधळी होती." तो हसला नाही. "पण मी रोज विचारायचो तुम्हाला," तो म्हणाला. रागाने नाही. नुसतं, कोडं सुटत नाही तसं. "रोज विचारायचो ना?" "हो." "आणि तुम्ही रोज झकास म्हणायचात." "हो," मी म्हटलं.

चारची मीटिंग सव्वाचारला संपली. डॉक्टरीणबाईंनी जाड फाइल उघडलीच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "रोज दोनदा मी ह्या माणसाशी बोलत होते, आणि तो जे सांगत होता ते सोडून बाकी सगळं ऐकत होते." त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय? आम्ही दोघी एकाच बाकावरच्या. माळीबुवांना खाली आणायचं रद्द झालं. माझी चौकशी होईपर्यंत मी डेस्कवर बसायचं नाही असं ठरलं. फक्त आजची पाळी सहापर्यंत, कारण बदली माणूस नव्हता. आमच्या खात्यात मोठमोठे निर्णय असेच होतात, माणूस नाही म्हणून. साहेबांनी अहवालाचा कागद पुढे केला. "कारण" असा एक चौकोन होता, दोन ओळी मावतील एवढा. मी लिहिलं: मला विचारलं होतं, मी वाचलं नव्हतं. मग वाटलं हे पूर्ण नाही, खरं असून पूर्ण नाही. पण जागा संपली होती.

साडेपाचला ह्यांचा फोन आला. "अगं, ते घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे करू का? सकाळी तुझी फार पंचाईत झाली." आवाजात अपराधीपणा होता. बिचारा दिवसभर घोळवत बसला असेल. मला भरून आलं, कशामुळे ते कुणाला सांगताही आलं नसतं. "नको," मी म्हटलं, "राहू दे. मी बघायला शिकेन." "काय बघायला?" "घड्याळ." "आज जास्त दमलीस वाटतं," हे म्हणाले. पडद्यावर दुपारपासून कारभाऱ्याचा एक प्रश्न तसाच उभा होता, शेवटी रेघ उघडझाप करत. तीन नंबरमधून दीड वजा करणं कायमचं बंद करू का? मी तो दिवसभरात वीस वेळा तरी वाचला होता. उत्तर उघड होतं. एखाद्या पोराने दिलं असतं. पण माझं बोट त्या हो वर टेकेना. माझ्या होकाराने काय होतं ते मी बघितलं होतं. नाही म्हणूनही बघितलं असतं तर तेही कुणाच्या तरी डोक्यात जाऊन बसलं असतं. कारभारी वाट बघत होता. त्याला घाई नसते. तो मला अजूनही भरवशाची समजत होता का? विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

सहाला दहा कमी होते. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, मग फोनमध्ये, मग पुन्हा भिंतीवर. दोन्हीकडे तेच होते. तेवढ्यात कानात खरखर झाली. दुपारपासून तो बोलला नव्हता. पंख्याचा आवाज मागे तसाच होता, आणि त्यात पानं फडफडत असल्यासारखं काहीतरी. "मावशी," माळीबुवा म्हणाला. थांबला. मग रोजच्यासारखं, सवयीने, किंवा मुद्दाम, मला कळलं नाही, त्याने विचारलं, "हवा कशी आहे?"

माझ्या समोर आकडे होते. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग त्यांच्यावरून नजर काढली.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मी?"

"तुम्ही आहात ना तिथे. तुम्ही सांगा, मग मी इकडे लिहिते."

हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला, एक, मग सावकाश दुसरा. "थांबा," तो म्हणाला, "बघतो." आणि मी थांबले.